तीन रात्रींची झड आणि लुकलुकता दिवा



गळीत हंगाम सुरू झाला की पैठण, गंगापूर, कन्नडच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या जोडट्रॉल्या दिसतात. म्हणजे दिसत नाहीत, हीच अडचण. मागं रेडियम चिकटवलेलं असतं, पण त्यावर चिखल बसतो, वाढं लोंबतं. शिवाय रेडियमला स्वतःचा उजेड नसतो. तुमच्या हेडलाइटचा उजेड ते तुम्हालाच परत करतं. वळणावर उजेड सरळ पडत नाही, औट्रम घाटातल्या धुक्यात तो पोचतच नाही. तिथं रस्त्याकडेच्या खांबावर स्वतः लुकलुकणारा सोलर ब्लिंकर लागतो. 15 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर मिनीबस ट्रकवर मागून आदळली, 12 माणसं गेली. एका ब्लिंकरनं ते टळलं असतं, असला दावा मी करणार नाही. सोलरच्या धंद्यात असे दावे आधीच फार झालेत.

आता जरा हिशेब करू. दिवा 3 वॅटचा. अर्धा वेळ पेटतो, अर्धा वेळ विझतो, म्हणजे सरासरी दीड वॅट. रात्र 12 तासांची धरली तर 18 वॅट-तास. 10 वॅटच्या प्लेटला दिवसाकाठी चार तास कडक ऊन मिळालं तर 40 वॅट-तास येतात. धूळ, उष्णता, चार्जिंगमधली गळती धरली तरी भागतं. मग इतके ब्लिंकर मेलेले का दिसतात? कारण दिव्याची परीक्षा श्रावणात असते. तीन दिवस झड लागली की तीन रात्रींचे 54 वॅट-तास साठ्यातूनच निघायला हवेत. 12.8 व्होल्ट, 6 अँपिअर-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी असेल तर साठा साधारण 77 वॅट-तासांचा होतो, तगतं. पण दर पाडायचा म्हटलं की पहिली कात्री बॅटरीलाच लागते. ग्राहकाला प्लेट दिसते, दिवा दिसतो. बॅटरी डब्यात असते.

त्यात ज्याचा जीव वाचायचा तो गिऱ्हाईकच नसतो. खरेदी करते कचेरी नाहीतर ठेकेदार, आणि त्यांच्यापुढं असतो सर्वांत कमी दर.

आपल्या छत्रपती संभाजीनगर शहराला हा माल बनवणं अवघड नाही. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती शेकडो छोटी वर्कशॉपं उभी राहिली. ड्रॉइंग यायचं, माल जायचा, बिल निघायचं. जाहिरात करायची वेळच आली नाही. आता तीच मंडळी सोलरमध्ये उतरतात आणि इंटरनेटवर काय टाकतात? हिरवं पान, उगवता सूर्य, दिवाळीच्या शुभेच्छा. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नाहीतर इंडियामार्टवर माल शोधणाऱ्या इंजिनिअरला याचा काय उपयोग? त्याला बॅटरीचा आकडा हवा, पाणी आत जात नाही याचा चाचणी अहवाल हवा. आणि माझं विचाराल तर एक व्हिडिओ हवा: दोन वर्षांपूर्वी बसवलेला खांब, भर पावसाळ्यातली तिसरी ढगाळ रात्र, मोबाइलवर तारीख दिसतेय आणि दिवा चालू आहे. असा व्हिडिओ काढायला ड्रोन लागत नाही.

छतावरच्या सोलरची तऱ्हा उलटी. तिथं जाहिरात उदंड. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तिच्या नावात ‘मुफ्त बिजली’ आहे. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मोफत सोलर’ फिरायला लागलं. अनुदान घरगुती 3 किलोवॅटला 78,000 रुपये आहे, वरचा खर्च घरमालकाचा, आणि अनुदान खात्यात येतं ते यंत्रणा बसून तपासणी झाल्यावर. ‘मोफत’ वाचून फोन करणाऱ्या सिडकोतल्या काकूंना हे तिसऱ्या भेटीत कळतं, तेव्हा त्या विक्रेत्याला तर सोडतातच, सोलरलाही सोडतात. पोस्टच्या पहिल्याच ओळीत, मराठीत, पूर्ण खर्च लिहा. चौकशा निम्म्या होतील. होऊ द्या, उरतील त्यांच्याशी बोलायला वेळ मिळेल.

ब्लिंकरवाल्यांनी आणखी एक आकडा छापावा: वर्षातून किती वेळा प्लेट पुसावी लागते आणि पुसणाऱ्या माणसाचे पैसे दरात धरलेत की नाही. बीड बायपासची धूळ पाहता हा प्रश्न कुणीतरी विचारणारच आहे.