गुम्मिडिपूंडीहून रुग्णालयापर्यंत



चेन्नईच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर, आंध्रच्या सीमेलगत गुम्मिडिपूंडी हे औद्योगिक गाव आहे. सिपकॉटची वसाहत, पोलादाचे कारखाने, आणि त्यांत राबणारे कंत्राटी कामगार. पैकी पुष्कळसे बिहार-ओडिशाकडून आलेले. या गावाला रुग्णालयच नाही, अशी तक्रार करता येत नाही. तालुक्याचे सरकारी रुग्णालय आहे, पोन्नेरीस दुसरे आहे, आणि चेन्नईचे जनरल हॉस्पिटल तर सेंट्रल स्टेशनच्या समोरच उभे आहे. मग प्रश्न कोठे उरतो?

तो हिशेबाच्या पद्धतीत आहे. आपल्या नियोजनात सपाट प्रदेशात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र धरले जाते. म्हणजे डोकी मोजली जातात. तेथवर पोचण्यास गरोदर स्त्रीला किती चालावे लागते, महामार्ग कोठे ओलांडावा लागतो, परतीची गाडी केव्हा मिळते, हे त्या आकड्यात कोठेच येत नाही.

गुम्मिडिपूंडीचा जिल्हा तिरुवळ्ळूर. जिल्ह्याच्या ठिकाणी २०२२ च्या जानेवारीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ब्रिटिशांनी आखलेले लोहमार्ग बंदराकडे धावतात. गुम्मिडिपूंडीच्या रुग्णाने लोकलनेच जायचे म्हटले, तर प्रथम बेसिन ब्रिजपर्यंत दक्षिणेस यायचे, तेथे गाडी बदलायची आणि पुन्हा पश्चिमेची वाट धरायची. स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी चेन्नई जिल्ह्यातून वळसा! एरवी आडरस्त्याची बस आहेच, तिची वाट पाहण्याची तयारी असेल तर.

विमाधारक कामगाराची कथा याहून निराळी नाही. राज्य कामगार विमा योजनेचे मोठे रुग्णालय अयनावरमला, म्हणजे पुन्हा चेन्नईत. सेंट्रलपर्यंतच लोकलला सव्वा-दीड तास. पुढे बस, रांग, तपासणी, औषधे आणि परतीचा प्रवास. दिवस गेला. त्या दिवसाच्या मजुरीचे काय? १९४८ च्या कायद्याने आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता सहसा वगळला. तेव्हा तपासणी मोफत असली, तरी तिची किंमत कामगारच भरतो. पुष्कळदा तो ती भरत नाही. औषधाच्या दुकानातून गोळ्या घेऊन पाळीवर जातो. हा अडाणीपणा नव्हे, साधे गणित आहे.

२०२१ च्या मे महिन्यात तामिळनाडू सरकारने साध्या शहरी बसमध्ये स्त्रियांचा प्रवास मोफत केला. तिकिटाचा प्रश्न त्याने काही अंशी सोडवला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण लोकल गाड्या केंद्राच्या. त्यांना ही सवलत लागू झाली नाही. आणि बसचे वेळापत्रक बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेशी जुळवण्याचे काम ना वाहतूक खात्याचे, ना आरोग्य खात्याचे!

म्हणून मागणी नेमकी हवी: सकाळच्या बाह्यरुग्ण विभागापूर्वी पोचणारी आणि तो संपल्यावर सुटणारी बस, थांब्यापासून दारापर्यंत पदपथ, महामार्गावर सुरक्षित ओलांडणी, तपासणीच्या दिवसाची भरपगारी सुटी.

तारापूर-बोईसरच्या साथींना हे चित्र ओळखीचे वाटेल. त्यांनी आणि इतर औद्योगिक वसाहतींतील शाखांनी एक काम हाती घ्यावे. कारखान्याच्या फाटकापासून जवळच्या सरकारी रुग्णालयापर्यंत एका कामगारासोबत पायी व बसने जावे, लागलेला वेळ, भाडे आणि बुडालेली मजुरी लिहून काढावी, आणि तो कागद घेऊनच जिल्हाधिकाऱ्यांना भेटावे.