पेटीवाले गोविंदराव



कोल्हापूरकरांपुढे गाण्याविषयी बोलायचे म्हणजे पंचगंगेकाठी पाणी विकण्यासारखे आहे. तरी गोविंदराव टेंब्यांविषयी चार शब्द बोलावेत असे आम्हांस वाटले. नव्या चालीचा माणूस प्रथम घरच्याच अंगणात परका ठरतो, आणि गोविंदरावांच्या बाबतीत परके ठरले ते त्यांचे वाद्य.

पेटी मुळातच विलायती. 1842 साली पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे हक्क नोंदविले. कलकत्त्यास द्वारकानाथ घोषांनी हाताने भाता मारण्याची सुटसुटीत पेटी केली, आणि नाटकवाल्यांनी ती उचलली. गवयांचा आक्षेप मात्र खोटा नव्हता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पेटीचे बारा सूर ठोकून बसविलेले. दोन पट्ट्यांमधली जागा तिला ठाऊक नाही, त्यामुळे मींड निघत नाही. दरबारी कानड्याचा गंधार पेटीवर ऐकावा, म्हणजे या तक्रारीतले दुःख कळते.

1881 साली जन्मलेले गोविंदराव कोल्हापुरात वाढले आणि पेटी बहुतांशी स्वतःच शिकले. देवल क्लबातल्या बैठकींनी कान तयार झाला, भास्करबुवा बखल्यांचे मार्गदर्शन लाभले. शाहू महाराजांच्या आश्रयाला आलेले अल्लादियाखाँ याच गावात गात होते. त्यांच्यापाशी रीतसर तालीम न घेताही गोविंदराव त्यांना गुरू मानीत. खाँसाहेबांची पेचदार गायकी ज्याच्या कानात मुरली, त्याला पेटीचे उणेपण आपल्याहून अधिक बोचले असणार! तरी त्यांनी पेटी टाकली नाही. साथीला बसणारे हे वाद्य त्यांनी स्वतंत्र वादनाच्या मानाला नेले.

पण त्यांचे मोठे काम रंगभूमीवरचे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या शाकुंतलापासून चाली बहुधा नाटककारच ठरवी. साकी, दिंडी, कीर्तनी वळणे हीच शिदोरी. 1911 साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’च्या चाली गोविंदरावांनी दिल्या. उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी त्यांनी मराठी शब्दांवर अशी बसविली, की पुण्यामुंबईचा कारकूनही ती गुणगुणू लागला. कोणी म्हणेल, नाटक मागे पडून मैफल पुढे आली. तेही खरेच; एकेका पदासाठी कथानक तिष्ठत उभे राहावे, ही खोड तेव्हापासून वाढली. 1913 साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली, पुढे वेगळे होऊन शिवराज मंडळी. 8 जुलै 1921 रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि आपले केशवराव भोसले संयुक्त ‘मानापमानात’ उभे राहिले. दोन स्पर्धक मंडळ्यांना एकत्र आणणारे नाटक गोविंदरावांच्या चालींचे होते. तीनच महिन्यांनी केशवराव गेले.

पुढे 1932 साली प्रभातने याच गावात ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. संगीत गोविंदरावांचे आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच! पन्नाशीला टेकलेल्या माणसाने नव्या यंत्रापुढे निःशंक उभे राहावे, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. 1986 साली बीजिंगमध्ये त्सुई जियान नावाचा तरुण गिटार घेऊन उभा राहिला, आणि सुवोना ही चिनी सनई त्याने त्या परक्या ठेक्याशी जोडली, असे वाचले तेव्हा आम्हांस हीच पेटी आठवली.

आणि नेमक्या त्याच पेटीवर 1940 साली आकाशवाणीने बंदी घातली. ज्या वाद्यावर मराठी घराघरातली मुले सा-रे-ग-म शिकली, ते नभोवाणीच्या दाराबाहेर! मींडेचा आक्षेप मान्य; पण त्यासाठी वाद्यच हद्दपार करावे, हा न्याय आम्हांस पटत नाही. वाद्याचे उणेपण झाकणे हीच वादकाची कसोटी, आणि ती लावायचे ठिकाण मैफल. कचेरीतला हुकूम नव्हे. गोविंदराव मात्र लिहीत राहिले. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तके आमच्या तरुणांनी अवश्य वाचावीत. 9 ऑक्टोबर 1955 रोजी ते वारले, तेव्हा बंदी चालूच होती. ती सैल व्हायला आणखी दीड दशक जावे लागले.