पेल्यातला बर्फ



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘पेल्यातला बर्फ’ असे सांगितले. ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, “काल याच व्यासपीठावर उपनिषदांवर व्याख्यान झाले, उद्या शेतीच्या अर्थकारणावर व्हायचे आहे, मध्येच हा बर्फ कुठून आणलात?” मी म्हटले, “वैशाखाचे दिवस आहेत. दोन भारी विषयांच्या मध्ये थोडे गार पाणी मिळाले, तर श्रोते काही नको म्हणायचे नाहीत.”

पण विषय दिसतो तितका हलका नाही. परदेशी निघालेला माणूस पारपत्राची, पैशाची, गरम कपड्यांची तयारी करतो. पाण्याच्या पेल्याची तयारी कोणी करीत नाही, आणि पहिली ठेच लागते ती नेमकी तिथेच. या पेल्यापायी मी एकदा माझ्या थोरल्या भावाला गमावून बसलो असतो. ती हकीकत पुढे येईलच.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता अमेरिकेत मुलीकडे गेलो होतो. जानेवारी महिना. रस्त्याच्या दोन्ही कडांना गुडघाभर बर्फ. मुलगी आम्हाला एका उपाहारगृहात घेऊन गेली. अजून काही मागवलेही नव्हते, तोच वाढणाऱ्या मुलीने आमच्यापुढे तीन उंच पेले आणून ठेवले. काठापर्यंत बर्फाचे खडे आणि त्यांच्या फटींतून जेमतेम मावलेले पाणी. आमची सौभाग्यवती म्हणाली, “अहो, बाहेर रस्त्यावर पडले आहे तेच यांनी पेल्यात भरून आणले की काय?” तिने गरम पाणी मागितले. त्या मुलीने ते आनंदाने आणले, सोबत लिंबाची फोडही आणली, आणि हळूच माझ्या मुलीला विचारले, “आईंची प्रकृती बरी नाही का?” आपल्या घरात थंडीच्या दिवसांत बर्फाचे पाणी पिणाऱ्याला जो प्रश्न विचारतात, तोच तिथे गरम पाणी पिणाऱ्याला विचारतात!

अमेरिकन माणसाला बर्फाची ही गोडी कशी लागली? हवामानाने लागली असे म्हणावे, तर तितकीच थंडी आणि तितकाच उन्हाळा असलेल्या इतर देशांत ती दिसत नाही. तिच्या मागे बराचसा एक व्यापार आहे. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या तरुणाने १८०६ साली तळ्यांतला गोठलेला बर्फ कापून जहाजात भरला आणि कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. सारे बोस्टन त्याला हसले. पहिल्या खेपेत त्याला खोट आली. पुढे कर्जापायी तो तुरुंगातही जाऊन आला. पण गडी चिवट होता. त्याने पेयांच्या दुकानदारांना काही काळ बर्फ फुकट दिला आणि सांगितले, गार पेय साध्या पेयाच्याच भावात विका. गिऱ्हाइकाच्या जिभेला एकदा गारव्याची चटक लागली, की तो पुन्हा कोमट पेयाकडे वळणार नाही, हा त्याचा हिशेब होता. तो अगदी खरा ठरला. पुढे घोड्यांनी ओढायची बर्फ कापण्याची अवजारे निघाली, लाकडाच्या भुशात बर्फ टिकवण्याची कला साधली, आणि श्रीमंताची चैन सामान्य माणसाच्या पेल्यात आली. ज्याला आपण एखाद्या राष्ट्राचा स्वभाव म्हणतो, त्याच्या मुळाशी कधी कधी असा एखादा कर्जबाजारी व्यापारी उभा असतो.

आता या व्यापाराचे एक टोक आपल्या दाराशीही आलेले आहे. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते कलकत्त्याला पोचले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढे कलकत्ता, मद्रास, मुंबई अशा तिन्ही ठिकाणी बर्फाची कोठारे उभी राहिली. मद्रासचे कोठार आजही समुद्रकिनाऱ्यावर उभे आहे. अमेरिकेहून परतल्यावर १८९७ साली स्वामी विवेकानंद त्याच वास्तूत उतरले होते, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

मुंबईत हा बर्फ १८३४ साली आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले. दुसऱ्या दिवशी यजमानाला आणि पाहुण्यांना सर्दी झाली, आणि ‘मुंबई समाचारा’ने त्यावर टोमणा मारला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. सर्दी विषाणूने होते, गार पदार्थाने होत नाही, हे ज्ञान तेव्हा कोणालाच नव्हते. आता आहे, तरी आपल्या आज्या नातवंडांना अजून तेच बजावतात. शास्त्र बदलते, आजी बदलत नाही.

याचा अर्थ पाणी गार करण्याची विद्या आपल्याला नव्हती असा मुळीच नाही. अकबराच्या दरबारी सोरा घातलेल्या पाण्यात भांडी फिरवून पिण्याचे पाणी गार करीत, असे ‘आईन-ए-अकबरी’त नमूद आहे. अलाहाबादेकडे थंडीच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून पहाटे त्यावरचा बर्फ गोळा करीत. त्याचे वर्णन १७७५ साली एका इंग्रजाने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. आणि तुमचा आमचा माठ तर कोणत्याही राजाचा आश्रित नाही. पाणी त्याच्या अंगातून झिरपते, झिरपलेले पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, आणि वर वाळ्याची पुरचुंडी टाकली की घशाला न टोचणारा गारवा मिळतो.

अमेरिकेहून आपण युरोपात उतरलो की चित्र पालटते. जर्मनीत पेय गार असते, पण ते बाटलीतच गार केलेले. पेल्यावर मापाची एक बारीक रेघ असते आणि पेय त्या रेघेपर्यंत मिळालेच पाहिजे, असा गिऱ्हाइकाचा हक्क असतो. तिथल्या माणसाला पेलाभर बर्फ म्हणजे मापात मारलेली काट वाटते. अमेरिकेत कित्येक ठिकाणी सरबताचा पेला पुन्हा पुन्हा फुकट भरून देतात, म्हणून बर्फाने जागा अडवली तरी कोणाच्या खिशाला तोशीस पडत नाही. जिथे प्रत्येक पेल्याचे पैसे मोजावे लागतात, तिथे तोच खडा डोळ्यांत खुपतो. जर्मनीत साधे पाणी मागितले तर बहुधा विकतची बाटली येते, तीही बुडबुड्यांची. फ्रान्समध्ये मात्र ‘कराफ’ एवढा एक शब्द उच्चारला, की नळाच्या पाण्याची सुरई जेवणासोबत विनामूल्य येते. एक शब्द ठाऊक असला तर रोजचे चार पैसे वाचतात.

पूर्वेकडे चला. चीनमध्ये आगगाडीच्या डब्यात कढत पाण्याचा नळ असतो, आणि प्रवासी आपापले झाकणाचे पेले घेऊन तिथे रांग लावतात. उपाहारगृहात बसताच गरम पाणी किंवा चहा पुढे येतो. गार पाणी पोटाला बाधते, ही त्यांच्या वैद्यकाची जुनी शिकवण. तिच्या जोडीला १९५२ नंतर सरकारी आरोग्य मोहिमांनी उकळलेले पाणीच पिण्याचा प्रचार घरोघर नेला. आपल्या वैद्यांना हे सारे अगदी घरचे वाटेल. पण त्यांच्याच शेजारी जपान पाहा! तिथे भर हिवाळ्यात हात पुसायला वाफाळलेला ओला रुमाल देतात आणि प्यायला बर्फ घातलेले पाणी. दोघेही भाताचे, दोघेही चहाचे. पेला मात्र वेगळा.

तेव्हा मंडळी, कोणाची रीत निसर्गाची आणि कोणाची विकृतीची, हा वाद निष्फळ आहे. रीत ही हवापाण्याने, व्यापाराने, वैद्यकाने आणि सवयीने घडते. निरोगी माणसाला गार पाणी बाधत नाही, गरमही बाधत नाही. बाधते ते अशुद्ध पाणी. आणि इथेच मला माझ्या भावाची हकीकत सांगायची आहे.

आम्ही दोघे भाऊ एका उष्ण देशात सहलीला गेलो होतो. देशाचे नाव सांगत नाही, कारण दोष देशाचा नव्हता. अण्णांचे वय बहात्तर. शिस्तीचा माणूस. दहा दिवस त्यांनी सीलबंद बाटलीखेरीज पाण्याला तोंड लावले नाही. अकराव्या दिवशी दुपारी उन्हाने जीव कासावीस झाला. समोर कोका-कोलाच्या बाटल्या आल्या, झाकण आमच्या डोळ्यांदेखत उघडले गेले, आणि पेल्यांत बर्फाचे चार चार खडे पडले. अण्णांनी पेला दूर सारला. मी हसून म्हटले, “घ्या हो अण्णा, बर्फाने काय होते? गोठल्यावर जंतू जिवंत राहतात का?” मी शाळेत चाळीस वर्षे शास्त्र शिकवलेला माणूस! माझ्या शब्दावर विश्वास ठेवून अण्णांनी तो पेला घेतला. रात्री जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना ओळख राहिना. तीन दिवस सलाइनवर होते. त्या रुग्णालयाच्या बाकावर बसून मी माझेच वाक्य मनात किती वेळा उच्चारले, ते सांगता येत नाही. अण्णा बरे झाले. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. आणि तेच मला अधिक जड गेले.

म्हणून ते वाक्य या सभेत मी जाहीरपणे मागे घेतो. गोठल्याने रोगजंतू मरतातच असे नाही. पुष्कळसे नुसते निपचित पडतात, आणि खडा विरघळला की पुन्हा आपल्या कामाला लागतात. पेल्यात दारू असली तरी ती त्यांचा नाश करील असा भरवसा नाही. बर्फ हा ज्या पाण्याचा केला त्या पाण्याइतकाच शुद्ध, आणि ज्या हातांनी तो उचलला त्या हातांइतकाच स्वच्छ. हे केवळ गरीब देशांत घडते असेही समजू नका. १९८७ साली अमेरिकेतच, पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअर या राज्यांत, पुराचे पाणी एका कारखान्याच्या विहिरीत शिरले. त्या विहिरीच्या पाण्याचा बर्फ पेयांतून लोकांच्या पोटात गेला आणि आजाराची मोठी साथ आली. आपल्याकडे मासे आणि दूध थंड ठेवण्यासाठीचा बर्फ खाण्याच्या बर्फात मिसळू नये, म्हणून तो निळा रंगवावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली झाला. गोळा खाणाऱ्या मुलांच्या आयांनी हे ध्यानात ठेवावे.

आता नाणे उलटून पाहू. माझ्या एका सहकारी शिक्षकाच्या घरी एक अमेरिकन प्राध्यापक पाहुणे म्हणून आले. सहकाऱ्याच्या आईने मोठ्या हौसेने कैरीचे पन्हे केले होते. पाहुणा अमेरिकन, म्हणून मुद्दाम बर्फ आणवून घातला. पाहुण्यांनी हात जोडले, हसले, आणि पेल्याला स्पर्श केला नाही. त्या माउलीचा चेहरा एकदम उतरला. मंडळी, ते घर अशा समाजातले, की ज्याच्या हातचे पाणी गावाने पिढ्यान्‌पिढ्या नाकारले. ज्या महाराष्ट्रात १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या चहापायी टिळक-रानड्यांसारख्यांना वादात ओढले गेले, जिथे १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे समोरचा पेला न उचलणे याचा एकच अर्थ लोकांना ठाऊक होता. त्या पाहुण्यांना त्यातले काही माहीत नव्हते. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, हिंदुस्थानात बर्फ घेऊ नका, एवढेच!

मी मध्ये पडलो. आजींना म्हटले, “आजी, यांना तुमचे पन्हे हवे आहे हो, त्यातला बर्फ नको आहे. बाजारच्या बर्फाला ते भितात.” आजींनी माझ्याकडे नीट पाहिले. मग त्या उठल्या, आत गेल्या, आणि उकळून गार केलेल्या पाण्यात नवे पन्हे कालवून घेऊन आल्या. पाहुण्यांनी दोन पेले घेतले. आजी मला म्हणाल्या, “मग तोंडाने सांगायचे की!”

त्या चार शब्दांत माझे आजचे व्याख्यान आले. परदेशी जाल तेव्हा बर्फ नको असेल तर आधीच सांगा, आणि हसून सांगा. बर्फाविषयी शंका असली तर सीलबंद बाटली तोंडाने प्या किंवा वाफाळलेला चहा मागा. बरोबरच्या वडीलधाऱ्यांना भिडेखातर काही प्यायला लावू नका. ते माझ्यावर सोडा, मी ते करून चुकलो आहे. आणि आपल्या घरी परका पाहुणा आला, त्याने पेला बाजूला ठेवला, तर लगेच मनाला लावून घेऊ नका. त्याला विचारा, कसे चालेल?

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. माझ्यासमोर त्यांनी तांब्याभांडे ठेवले आहे. पाणी माठातले आहे आणि गाळून उकळलेले आहे, याची मी सभेआधीच तोंडाने चौकशी केली आहे. तेव्हा ते निर्धास्तपणे पितो आणि आपली रजा घेतो.