सैनिक, नागरिक आणि शाळेची खोली

(तालुका शिक्षक संमेलनात दिलेले भाषण)



सैन्य आणि नागरी समाज यांच्या परस्परसंबंधाविषयी बोलावयाचे, तर एका निबंधापासून आरंभ करणे बरे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या तपासणीस गेलो असता सातवीच्या एका विद्यार्थ्याची वही हाती आली. ‘देशाचा कारभार सैन्याच्या ताब्यात दिला, तर सारे सुरळीत होईल,’ असे त्याने लिहिले होते आणि गुरुजींनी त्यावर ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. गावातील एक निवृत्त सुभेदार जवळच बसले होते. वही वाचून ते शांतपणे म्हणाले, “गुरुजी, आम्ही जन्मभर हुकूम पाळला. पण हुकूम कोणी द्यायचा, हे बंदूकवालाच ठरवू लागला, तर तुमच्या मताला किंमत काय राहिली?”

सुभेदारांचा हा प्रश्न इतिहासाने प्रत्यक्ष पारखून पाहिला आहे. १९४७ साली एकाच सैन्याची वाटणी होऊन भारत व पाकिस्तान यांची दोन सैन्ये झाली. परंपरा एक, शिक्षण एक, शिस्तही एकच. तथापि पाकिस्तानात ऑक्टोबर १९५८ मध्ये राज्यघटना रद्द होऊन लष्करी कायदा आला आणि सरसेनापती अयूबखान सत्ताधीश झाले. पुढे १९६९, १९७७ व १९९९ सालीही तेथील सत्ता सेनापतींच्या हाती गेली. आपल्याकडे तसे झाले नाही. याची कारणे अनेक आहेत. परंतु एक कारण आपण शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावे असे आहे. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली पार पडली. पाकिस्तानात प्रौढ मतदानाची पहिली देशव्यापी निवडणूक होण्यास १९७० साल उजाडावे लागले. जेथे नागरी संस्था रुजल्या, तेथे सैन्य आपल्या जागी राहिले. जेथे त्या दुबळ्या राहिल्या, तेथे ती पोकळी बंदुकीने भरून काढली.

आपल्या घटनेने संरक्षणदलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले असून त्याचा वापर कायद्याने नियंत्रित केला आहे. सैनिक आपले काही नागरी स्वातंत्र्य स्वखुशीने बाजूला ठेवतो. त्याला राजकीय पक्षात वावरता येत नाही, कामगारांप्रमाणे संघटना काढता येत नाही. मताचा अधिकार मात्र त्याच्याजवळ राहतो. म्हणजे गणवेशातही तो नागरिकच असतो. ज्याने आपला आवाज आवरला, त्याची काळजी वाहणे हे इतरांचे कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य केवळ जयघोषाने फिटत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचे शेहेचाळीस जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात उभा आहे. अशा स्तंभापुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच. परंतु सीमेवर असलेल्या जवानाचे मूल आपल्या वर्गात मागे पडत असेल, तर त्याच्या आईला आपण किती वेळा भेटतो? वडिलांच्या बदलीमुळे वर्षाच्या मध्येच आलेल्या मुलाला दाखल्यासाठी हेलपाटे तर घालावे लागत नाहीत ना? १९४९ सालापासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी निधी गोळा होतो; पण तो कोणासाठी, हे मुलांना सांगितले जाते का?

आणखी एक गोष्ट. २०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाली, तेव्हा चार वर्षांच्या सेवेनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरांनाच पुढे कायम ठेवण्याचे ठरले होते. अर्थात पुष्कळ तरुण ऐन उमेदीच्या वयात गावी परततील. त्यांच्या अंगची शिस्त गावाच्या उपयोगी पडावी, त्यांचे पुढील शिक्षण सुरू व्हावे, यासाठी शाळेचे दार त्यांना प्रथम उघडे दिसले पाहिजे.

अखेरीस एवढेच सांगतो. गावचे मतदान बहुधा तुमच्याच शाळेच्या खोलीत होते आणि कुठल्या ना कुठल्या केंद्रावर मतदान अधिकारी म्हणून तुम्हीच बसता. सैनिक सीमा राखतो ती याच खोलीसाठी. ही खोली तुम्ही नीट राखलीत, तर सैनिकाला हुकूम देण्याचा अधिकार जनतेपाशीच राहील.

त्या गुरुजींनी त्याच दिवशी ‘उत्तम’ हा शेरा खोडला, ‘पुन्हा विचार करून लिही’ असे लिहिले आणि पुढल्या शनिवारी सुभेदारांना वर्गात बोलावले. आपणही आपल्या गावच्या सुभेदारांना एकदा वर्गात बोलवावे, ही विनंती.