भिंतीवरची केरसुणी
(जव्हारच्या युवक शिबिरातलं भाषण)



मी चित्रांवर बोलणार म्हटल्यावर मागं कुणीतरी हसलं. हसू द्या. परवापर्यंत मीही हसलो असतो.

काल मोखाड्याकडच्या एका वारली पाड्यावर गेलो. पाडा ओस. दिवाळी झाली की इथली माणसं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या गाठतात. तवा, परात, हंडा, सूप, सगळा संसार टेम्पोत. मागं राहतात म्हातारी माणसं आणि भिंती.

एका कुडाच्या भिंतीवर मागल्या सालच्या लग्नाचं चित्र होतं. शेणानं सारवून वर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा. मधोमध देवीचा चौक. त्यात फणी, शिडी. बाहेर उखळावर दोघीजणी, एक पाखडणारी बाई, कणगी. सूप म्हणजे चार रेघा हो! पण कोंडा कुठल्या बाजूला उडणार ते त्या रेघांत कळतं. मनगटाचा झटका आहे त्यात. सूप हातात न धरलेल्या माणसाला ही रेघ साधायची नाही, मग तो कितीही शिकलेला चित्रकार असो.

आणि कोपऱ्यात केरसुणी.

ती बघून माझ्या पोटात कालवलं. पेशवाईत पुण्यात आपल्या माणसाच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न होऊ दिलेल्या भाषणात लिहून ठेवलंय. आणि माझी आई पहाटे मुंबईचे रस्ते झाडायची. शाळेत 'माझे घर' हे चित्र काढायला सांगितलं, तेव्हा मी सोफा काढला, फुलदाणी काढली. दहा बाय दहाच्या खोलीत कसला सोफा! दारामागचा आईचा झाडू गाळला, पाटा-वरवंटा गाळला. मास्तरांनी शाबासकी दिली. साला, ती शाबासकी अजून खुपते.

आता ही चित्रं जगभर गेलीत. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूकडं आले, भिंतीवरचं कागदावर उतरलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंना २०११ साली पद्मश्री मिळाली. मिळायलाच हवी होती. पण लग्नाचा चौक पिढ्यान्‌पिढ्या लिहिणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? हंडे घेतलेल्या बायकांची रांग शहरातल्या दिवाणखान्यात टांगलेली असते. मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात. त्याचं पाणी मुंबईच्या नळाला, आणि इथल्या बाईच्या डोक्यावर उन्हाळ्यात हंडा तसाच. आपण पाणीही नेलं आणि पाणी आणणारीचं चित्रही.

म्हणून चित्र सुंदर नाही, असं मी म्हणणार नाही. सुंदर आहे. मी तासभर हललो नाही तिथून.

म्हातारीला विचारलं, आजी, केरसुणी कशाला काढली? ती म्हणाली, "घरात हाय ना. मग?" आत जाऊन तिनं वाटीत पीठ कालवून आणलं, बांबूची काडी दातानं चावून टोक मऊ केलं आणि माझ्या हातात दिली. "तुझ्या घरातलं काढ."

मी आईचा झाडू काढला. लांब दांड्याचा, रस्ता झाडायचा.

म्हातारीनं मान वाकडी करून पाहिलं. "तू कधी झाडलं नाहीस," म्हणाली. "ह्यानं केर निघायचा नाय."