वर्गणीदारांचा संघ : एक्सेटर सिटीची कथा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



स्नेहसंमेलनातील व्याख्यान म्हटले म्हणजे संतवाङ्मय, विद्यार्थ्यांची कर्तव्ये किंवा ज्ञातीचा पूर्वेतिहास यांपैकी एखादा विषय असावा, असा संकेत आहे. आम्ही फुटबॉलचा विषय कळविला, आणि त्यातही इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत कधीही न पोचलेल्या एका संघाचा, तेव्हा चिटणिसांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचे आश्चर्य रास्त होते. परंतु आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे घटनादुरुस्तीचा एक ठराव यावयाचा आहे. मोठ्या रकमेच्या देणगीदारांस आजीव विश्वस्तपद द्यावे आणि कारभाराचे अधिकार वार्षिक वर्गणीदारांच्या सभेकडून काढून त्या विश्वस्तांकडे सोपवावेत, असा त्याचा आशय आहे. त्या ठरावावर मत देण्याचे हे व्यासपीठ नव्हे. आम्ही एका क्लबाची हकीकत तेवढी सांगणार आहोत. ती आपणास लागू पडते किंवा नाही, हे श्रोत्यांनी ठरवावे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डेव्हन नावाचा परगणा आहे. एक्स नदीच्या काठी वसलेले एक्सेटर हे त्याचे मुख्य शहर. रोमन काळचा तट, जुने कॅथीड्रल आणि मे १९४२ मधील जर्मन विमानांच्या हल्ल्यात झालेली भयंकर हानी, या तीन गोष्टींसाठी इतिहासाच्या वाचकांना ते परिचित असेल. या शहराच्या पूर्व वेशीबाहेर सेंट सिडवेल्स नावाची वस्ती आहे. आपल्याकडील पेठेसारखीच ती. वेशीबाहेरचे ते लोक आणि तटाच्या आतील नागरिक यांच्यात जुनी चुरस होती. ट्रॉयच्या वेढ्याचा खेळ अठराव्या शतकात रंगला तेव्हा बाहेरून हल्ला चढविणाऱ्या ग्रीकांचे सोंग या वस्तीने घेतले, अशी आख्यायिका आहे. काही असो, तेथील लोकांना ‘ग्रेशियन्स’ हे नाव चिकटले, आणि पुढे त्या वस्तीतून निघालेल्या फुटबॉल संघासही तेच चिकटले. कोल्हापूरच्या तालमी आणि त्यांचे फुटबॉल संघ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पेठेचा अभिमान चेंडूत कसा उतरतो हे आम्ही समजावून सांगण्याचे कारण नाही.

क्लब आपले स्थापनावर्ष १९०१ धरतो. सेंट सिडवेल्स युनायटेडची ती स्थापना. शहरात एक्सेटर युनायटेड नावाचा दुसराही संघ होता. १९०४ साली या दोहोंचा सामना झाला, सेंट सिडवेल्सची सरशी झाली, आणि त्यानंतर दोघांनी मिळून एकच संघ करावा असे ठरले. त्याचे नाव एक्सेटर सिटी. सेंट जेम्स पार्क नावाच्या ज्या मैदानावर ते तेव्हा खेळू लागले तेच मैदान आजतागायत आहे. शेजारून आगगाडीचा फाटा जातो आणि मैदानालगतच एक छोटेसे स्थानक आहे. १९०८ मध्ये संघ व्यावसायिक झाला. १९२० मध्ये फुटबॉल लीगच्या नव्या तृतीय श्रेणीत त्यास प्रवेश मिळाला.

याच्या आधी घडलेली एक गोष्ट मात्र अशी आहे की तिच्यापायी या लहान संघाचे नाव जगाच्या इतिहासात कायमचे राहिले. १९१४ च्या उन्हाळ्यात एक्सेटरचे खेळाडू जहाजाने दक्षिण अमेरिकेत गेले. अर्जेंटिनातील सामने आटोपून परतताना ते रिओ द जानेरो येथे उतरले. तेथे २१ जुलै १९१४ रोजी फ्लुमिनेन्से क्लबाच्या मैदानावर रिओ आणि साओ पावलो येथील निवडक खेळाडूंचा एक संघ त्यांच्यापुढे उभा राहिला. ब्राझील देशाचा राष्ट्रीय संघ म्हणून खेळलेला तो पहिला सामना! ब्राझीलने दोन शून्य असा विजय मिळविला. ब्राझीलचा विख्यात खेळाडू आर्थर फ्रीडनराइश याचे दोन दात त्या धुमश्चक्रीत पडले म्हणतात. पुढे पाच वेळा विश्वचषक जिंकणाऱ्या राष्ट्राने आपल्या पराक्रमाचा श्रीगणेशा डेव्हनमधील या लहान संघासमोर केला. खेळाडू परतीच्या वाटेवर असतानाच युरोपात महायुद्धाचा भडका उडाला. शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, एक्सेटरचा संघ पुन्हा ब्राझीलला जाऊन खेळला. पराभवाची शताब्दी साजरी करणारा क्लब आम्हांस दुसरा माहीत नाही.

त्या दौऱ्यातील गोलरक्षक डिक पिम हा जवळच्याच टॉपशॅम गावचा कोळी. १९२१ मध्ये बोल्टन वाँडरर्सने त्याला पाच हजार पौंडांस घेतले. वेम्ब्लीच्या नव्या मैदानावरील पहिला चषक सामना १९२३ चा. तो, आणि पुढे १९२६ व १९२९ चा, असे तीन अंतिम सामने तो खेळला. तिन्ही बोल्टनने जिंकले आणि तिन्हींत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. एक्सेटरातच जन्मलेला क्लिफ बॅस्टिन अवघ्या सतराव्या वर्षी, १९२९ मध्ये, दोन हजार पौंडांस आर्सेनलकडे गेला. तेथे त्याने केलेल्या १७८ गोलांचा उच्चांक १९९७ पर्यंत अबाधित होता. ही दोन नावे सांगण्याचे कारण एवढेच, की लहान संघाचा प्रपंच पहिल्यापासून असाच चालत आला आहे. मुलगा घरी वाढवावयाचा, शिकवावयाचा, आणि चार पैसे येतात म्हणून थोरामोठ्यांच्या घरी पाठवावयाचा. क्लबाच्या वाट्याला मोठे दिवस आले ते क्वचितच. १९३१ आणि १९८१ या दोन साली चषक स्पर्धेच्या सहाव्या फेरीपर्यंत मजल. १९९० मध्ये चतुर्थ श्रेणीचे अजिंक्यपद. बाकी ऐंशी वर्षे खालच्या दोन पायऱ्यांवर चढउतार.

आता आम्ही मुख्य भागाकडे वळतो. १९९० नंतरच्या दशकात क्लब कर्जात बुडाला. प्रत्यक्ष मैदानाची भूमी एका गृहबांधणी कंपनीस विकावी लागली. नगरपरिषदेने ती पुढे विकत घेऊन क्लबास भाड्याने दिली, म्हणून मैदान राहिले. ज्ञातिबंधूंनो, वास्तू एकदा कागदावर दुसऱ्याची झाली म्हणजे आपण तिच्यात कितीही दिवे लावले तरी उपयोग नसतो. सुज्ञ नगरपरिषद आड आली नसती तर तेथे आज घरांच्या रांगा असत्या.

एवढ्याने धडा मिळावयास हवा होता, मिळाला नाही. २००२ मध्ये बाहेरून आलेल्या दोन गृहस्थांच्या हाती कारभार गेला. त्यांनी मोठमोठी आश्वासने दिली. चमचे वाकविणारे यूरी गेलर मानद सहाध्यक्ष झाले, आणि त्यांच्या ओळखीने जून २००२ मध्ये जगप्रसिद्ध गायक मायकेल जॅक्सन सेंट जेम्स पार्कवर अवतरला. मैदान तुडुंब भरले, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकली. जमाखर्चाची वही कोणी उघडून पाहिली असती तर बरे झाले असते. वर्ष उलटण्याच्या आत संघ लीगमधून बाहेर फेकला गेला. तळाचे दोन संघ खाली जावयाचे, हा नियम त्याच वर्षी प्रथम लागू झाला होता. अखेरच्या दिवशी एक्सेटरने आपला सामना जिंकला. परंतु स्वॉन्झीनेही जिंकला आणि एक्सेटर तळापासून दुसरे ठरले. त्र्याऐंशी वर्षांचे लीगमधील वास्तव्य त्या दुपारी संपले. थोड्याच दिवसांत त्या दोघा कारभाऱ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. फसवणुकीने व्यवहार केल्याचा गुन्हा त्यांच्यावर २००७ मध्ये न्यायालयात शाबीत झाला. मागे राहिले ते लक्षावधी पौंडांचे देणे.

येथे आम्ही थोडे थांबतो. दोष केवळ त्या दोघांचा होता काय? आमच्या मते नव्हे. ज्यांचे त्या क्लबावर खरे प्रेम होते ते हजारो लोक दर शनिवारी पायऱ्यांवर उभे राहून ओरडत होते, आणि हिशेब पाहणे हे आपले काम नव्हे असे मानीत होते. प्रेम आणि देखरेख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली असली की दुसरीची गरज नाही, अशी समजूत पुष्कळ सार्वजनिक संस्थांत आढळते.

सुदैवाने पाठीराख्यांनी आधीच एक विश्वस्त संस्था स्थापन केली होती. महिन्याकाठी काही पौंडांची वर्गणी, आणि प्रत्येक सभासदास एकच मत. कोणी कितीही मोठी रक्कम दिली तरी मत एकच. या संस्थेने २००३ मध्ये क्लबाची बहुसंख्य भागपत्रे घेतली आणि कारभार आपल्या अंगावर घेतला. संघ पाचव्या पायरीवर घसरलेला, तिजोरी रिकामी, दारात सावकार. त्या उन्हाळ्यात सभासद रंगाचे डबे आणि कुंचले घेऊन मैदानावर आले. कचेरीतील कामेही स्वयंसेवकांनी वाटून घेतली. सावकारांशी न्यायालयीन पद्धतीने तडजोड ठरली. तीही फेडावयाची तर पैसा हवा होता, आणि वर्गणीच्या पैशाने तो डोंगर हलणे कठीण होते.

मग दैव उघडले. चषक स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत चिठ्ठी निघाली ती मँचेस्टर युनायटेडची! ८ जानेवारी २००५ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर ६७,५५१ प्रेक्षकांसमोर पाचव्या पायरीवरच्या या संघाने बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास शून्य-शून्य असे रोखून धरले. नियमाप्रमाणे दुसरा सामना एक्सेटरला झाला. तो रोनाल्डो आणि रूनी यांच्या गोलांनी युनायटेडने जिंकला. परंतु दोन सामन्यांच्या उत्पन्नातून सहा लाखांहून अधिक पौंड एक्सेटरच्या पदरी पडले आणि कर्जाचा पाश सुटला. हे नशीब होते असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. मात्र तोच पैसा तीन वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांच्या हाती पडता, तर कोठे गेला असता याचा विचार करावा.

पुढील चढण सावकाश झाली. २००७ मध्ये वेम्ब्लीवर मोरकॅम्बकडून पराभव. २००८ मध्ये त्याच वेम्ब्लीवर केंब्रिज युनायटेडवर एका गोलाने विजय आणि लीगमध्ये पुनःप्रवेश. लगेच २००९ मध्ये आणखी एक पायरी वर. २०१२ मध्ये पुन्हा खाली. त्यानंतर बढतीचे तीन अंतिम सामने, २०१७, २०१८ आणि २०२० चे, तिन्ही हरले. वर्गणीदारांच्या मालकीत दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. निर्णयास वेळ लागतो, सभा लांबतात, धनिक प्रतिस्पर्धी चांगले खेळाडू पळवितात. आजीव विश्वस्तांची सूचना ज्यांनी आणली आहे त्यांचा हेतूही हाच असावा, की काम झपाट्याने व्हावे. झपाट्याचे एक उदाहरण आम्ही सांगितलेच. दुसरे बेरी या गावच्या क्लबाचे. १९०० आणि १९०३ साली इंग्लंडचा चषक जिंकलेला, १८९४ पासून लीगमध्ये असलेला हा क्लब एकट्या मालकाच्या हाती होता. पैशाची व्यवस्था दाखविता न आल्याने ऑगस्ट २०१९ मध्ये तो लीगमधून काढून टाकला गेला. गावकरी मैदानाच्या दाराशी उभे होते. त्यांना मत नव्हते.

एक्सेटरने मात्र मुले घडविण्याचा जुना धंदा नव्याने चालविला. मॅट ग्राइम्स २०१५ मध्ये स्वॉन्झीकडे गेला. एथन अँपाडू २०१७ मध्ये चेल्सीकडे गेला. त्याच वर्षी ऑली वॉटकिन्स ब्रेंटफर्डकडे. वॉटकिन्सला देताना पुढील विक्रीत आपला वाटा राहील अशी अट क्लबाने घातली होती. २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाने त्याला मोठ्या किमतीस घेतले तेव्हा तो वाटा एक्सेटरच्या तिजोरीत आला. १० जुलै २०२४ रोजी युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात नेदरलंड्सविरुद्ध अगदी अखेरीस ज्याने गोल करून इंग्लंडला अंतिम सामन्यात नेले, तो हाच वॉटकिन्स. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या अटीचा कागद लिहिणारा कारकून आम्हांस गोल करणाऱ्याइतकाच थोर वाटतो.

एक प्रसंग राहिला. अ‍ॅडम स्टॅन्सफील्ड हा एक्सेटरचा लोकप्रिय आघाडीवीर, नऊ क्रमांकाचा सदरा घालणारा. तो ऑगस्ट २०१० मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी कर्करोगाने वारला. क्लबाने तो क्रमांक नऊ हंगाम कोणासही दिला नाही. त्याचा मुलगा जे हा तेव्हा लहान होता. तो क्लबाच्याच शाळेत खेळू लागला, पुढे फुलम संघात गेला. २०२२ मध्ये एक्सेटर तिसऱ्या पायरीवर चढले. अजिंक्यपद केवळ गोलांच्या फरकाने हुकले होते. त्यानंतरच्या हंगामात जे स्टॅन्सफील्ड तात्पुरता परत आला, आणि सेंट जेम्स पार्कवर त्याच्या पाठीवर नऊ हा आकडा होता. त्या दिवशी पायऱ्यांवर जे उभे होते त्यांतील पुष्कळांनी २००३ च्या उन्हाळ्यात त्याच पायऱ्या रंगविल्या होत्या.

अध्यक्षमहाशयांनी घड्याळाकडे पाहिले आहे, आणि सर्वसाधारण सभेची वेळ होत आली आहे.