बालवाडीतील यंत्र आणि मुलाचा आवाज

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या बालवाडीसाठी एका उदार कुटुंबाने देणगी देऊ केली आहे. त्या पैशातून प्रत्येक मुलास टॅबलेट घेऊन द्यावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली असून तिजविषयी चार शब्द बोलावे, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. आम्ही पडलो मॅट्रिक झालेले प्राथमिक शिक्षक. यंत्रविद्येत आमची गती बेताचीच. तथापि चौतीस वर्षे लहान मुलांत काढली, तेवढ्याच भांडवलावर बोलण्याचे धाडस करीत आहो.

प्रथम आमचा स्वतःचा प्रमाद सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घराजवळील एका बालवाडीत भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच बसविण्यात आला. त्या समारंभास आम्हांस पाहुणे म्हणून बोलावले होते. तीस मुले टक लावून चित्रे पाहत होती. कोणी हूं की चूं करीत नव्हते. ‘केवढी ही शिस्त!’ असे उद्गार आम्ही काढले आणि टाळ्याही मिळविल्या. घरी परतल्यावर मात्र मन खाऊ लागले. ज्या वयात मुलाने शंभर प्रश्न विचारावयाचे, त्या वयातील ती शांतता होती. नोकरीच्या काळात आम्ही अशीच शांतता छडीच्या धाकाने मिळविली आणि तिलाच शिक्षण समजत आलो. यंत्राने तेच काम गोडीगुलाबीने केले, इतकेच.

याचा अर्थ साधने वाईट, असा मुळीच नाही. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले आणि पुढे साधनांवरच आपली पद्धती उभारली. त्यांच्या लाकडी ठोकळ्यात दहा खळगे व त्यांत बसणारे दहा दट्टे असतात. दट्ट्या चुकीच्या खळग्यात घातला, तर अखेरीस एक उरतो किंवा बसत नाही. मुलाला आपली चूक आपणच उमगते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राच्या कार्यास आरंभ केला आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, बिया, पाने, शिंपले हाती घेतले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. साधन मोलाचे की फुकटचे, हा प्रश्न त्यांनी गौण मानला. मुलाचा हात, डोळा आणि जीभ त्याने चालती होते काय, एवढेच त्यांनी पाहिले.

ह्याच कसोटीवर आजचे यंत्र कसे उतरते, याचे एक उदाहरण आम्ही डोळ्यांनी पाहिले. वर सांगितलेल्या बालवाडीतच वीटभट्टीवर कामास आलेल्या बंजारा कुटुंबातील चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या घरी गोरमाटी बोलतात. दीड महिना तो कोपऱ्यात बसून होता. भिंतीवरील चित्रांनीही त्याचे तोंड उघडले नाही. एके सायंकाळी बाईंनी त्याच्या आईला दारात थांबविले आणि तिचे एक गाणे आपल्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घेतले. दुसऱ्या दिवशी ते लावताच मुलगा उठला, बाईंच्या गुडघ्याशी येऊन उभा राहिला आणि आईच्या आवाजात आपला आवाज मिसळून गाऊ लागला. इतर मुलांनी त्या शब्दांचे अर्थ विचारले. तो सांगू लागला. बाईंनी मोबाईल बंद करून पिशवीत ठेवला, आणि पुढचा तासभर मुलेच बोलत राहिली!

बंधुभगिनींनो, यंत्राची खरी परीक्षा ते बंद केल्यानंतर होते. बंद होताच मूल बोलू, नाचू, चिखलाचे घर बांधू लागले, तर ते साधन. बंद होताच मूल रडू लागले, तर ते व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाकाठी एका तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये. त्याहूनही कमी असल्यास उत्तम. मूल निमूट जेवावे म्हणून त्याच्यापुढे मोबाईल धरणाऱ्या आम्हां आजी-आजोबांनीही हे ध्यानात घ्यावे.

म्हणून आमची नम्र विनंती अशी की, मुलांच्या हाती टॅबलेट देऊ नयेत. देणगीतून बाईंसाठी एक चांगला मोबाईल व आवाज मोठा करणारे एक छोटे यंत्र घ्यावे. आपल्या घरोघरीच्या वृद्ध स्त्रियांच्या ओव्या व गोष्टी, आणि त्यांबरोबर आपल्या बालवाडीत येणाऱ्या इतर समाजांच्या मुलांच्या घरची गाणीही, त्यावर उतरवून घ्यावीत. उरलेली रक्कम ठोकळे, वाळू, चित्रांची पुस्तके आणि मुख्यतः बाईंचे प्रशिक्षण व मानधन यांवर खर्चावी. यंत्र जुने होते. चांगली बाई दरवर्षी अधिक जाणती होते.

पुढील संमेलनास आपण बालवाडीत याल, तेव्हा तेथे गलका ऐकू यावा, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.